आमदाराचे गमबूट

आन्स-ब्लाँशमध्ये येऊन कोणी 'प्लासीद लाराद कुठे राहतो' असं विचारलं, तर त्याला चारपाच घरं दाखवली जातील आणि त्यातलं एकही बरोबर असेल असं नाही. केप ब्रेटनच्या आमच्या या फ्रेंच किनाऱ्यावर आडनावं थोडी आणि माणसं पुष्कळ. म्हणून माणूस ओळखायचा तो बापाच्या नावाने आणि बाई ओळखायची ती नवऱ्याच्या नावाने. मी सिमोंची लूस. सिमोंला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी अजून सिमोंची लूसच आहे. आणि आमचा आमदार होता थेओफिलचा प्लासीद.

मतपत्रिकेवर मात्र सरकारी नाव छापतात. प्लासीद पहिल्यांदा तालुक्याच्या कौन्सिलसाठी उभा राहिला तेव्हा तिच्यावर 'जोसेफ लाराद' असं होतं, कारण आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक मुलाला आधी जोसेफ करतात आणि मग उरलेलं नाव देतात. समोरचा उमेदवारही जोसेफ लारादच निघाला. म्हातारी माणसं मतपेटीपाशी उभी राहून भांडली, की आमचा प्लासीद यातला कुठला ते आधी दाखवा. शेवटी कोणाचंच मन दुखायला नको म्हणून पुष्कळांनी दोन्ही नावांपुढे फुली मारली. ती मतं बाद झाली आणि प्लासीद हरला. पुढच्या खेपेला तो घरोघरी जाऊन एवढंच सांगत होता, "मी वरून दुसरा." निवडून आला, पण गावातली पोरं वर्षभर त्याला 'वरून दुसरा' अशीच हाक मारत होती.

त्याचा बाप शेवंडं पकडायला जायचा. प्लासीदही गेला असता, पण पोरवयातच बोटीवरच्या दोरखंडाच्या रहाटात त्याचा डावा पाय सापडला. पाय वाचला, गुडघा वाकेनासा झाला. मग त्याला गावच्या सहकारी दुकानात गल्ल्यामागे बसवलं. कोणाच्या घरी पीठ कधी संपतं, कोण रॉकेल उधार नेतं आणि कोण लाजून नेत नाही, हे त्याला तिथे बसल्याबसल्या कळत गेलं. दुकानातून कौन्सिल, आणि कौन्सिलमधून हॅलिफॅक्सची प्रांतिक विधानसभा.

विधानसभेतलं त्याचं पहिलं भाषण आमच्या धक्क्याबद्दल होतं. त्याचं इंग्रजी आमच्या सगळ्यांसारखंच, अर्धं नाकातून येणारं. एक सभासद उठून म्हणाला, "सन्माननीय सदस्यांनी परत सांगावं, काही कळलं नाही." प्लासीदने तेच सगळं भाषण पहिल्यापासून आमच्या फ्रेंचमध्ये केलं आणि विचारलं, "आता कळलं? नाही? मग मघाचंच बरं होतं म्हणायचं." धक्का मिळाला. पुढे डोंगरावरचा रस्ताही मिळाला.

त्याने कचेरी अशी कधी थाटली नाही. शनिवारी दुपारी मागचं दार उघडं असायचं आणि ज्याला काम असेल त्याने स्वयंपाकघरातल्या बाकावर येऊन बसायचं. प्लासीद टेबलाशी चुलीकडे पाठ करून बसे आणि लोकांचं ऐकता ऐकता बटाटे सोली. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? म्हणाला, "हातात सुरी आणि बटाटा असला की माणूस मधे बोलत नाही, लूस. मला मधे बोलायची फार खोड आहे." त्यामुळे ज्या आठवड्यात गावात अडचणी जास्त, त्या आठवड्यात त्यांच्या घरी बटाटे जास्त. त्याची बायको ओझीत चुलीशी उभी. तिचं तोंड चुलीकडे, त्याचं लोकांकडे. इतक्या वर्षांत तिला त्या बैठकीत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. चहा मात्र न मागता मिळायचा.

असं सगळं चाललं होतं, आणि मग इस्पितळाचं प्रकरण आलं.

आमचं इस्पितळ लहान, चर्चच्या सिस्टरांनी चालवलेलं. हॅलिफॅक्सच्या मंत्र्यांनी ठरवलं, की एवढ्या लहान गावाला इस्पितळ कशाला? खालच्या अंगाला स्कॉट लोकांचं गाव आहे, तिथे मोठं आहे, सगळ्यांनी तिकडे जावं. प्लासीद त्यांच्या दारात जाऊन बसला. भांडणं झाली. शेवटी मंत्री म्हणाले, बाळंतपणाचा विभाग सोडा, डॉक्टर आणि तातडीची खोली राहू देतो. आजच हो किंवा नाही सांगा. प्लासीदने हो म्हटलं. गावाला न विचारता म्हटलं, कारण विचारायला वेळच दिला नव्हता.

हे सांगायला त्याने चर्चच्या सभागृहात सभा घेतली. पहिली पाच वाक्यं लोकांनी ऐकली असतील. आमच्या गावात आमची मुलं जन्मणार नाहीत, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. मेदेरिक नावाचा म्हातारा कोळी, सिमोंचा जानी दोस्त, मागून ओरडला, "विकलंस आम्हाला!" आणि झेली पुढच्या रांगेतून उठली. झेलीचा आवाज धक्क्यावरून बोटीपर्यंत पोचतो. पण त्या दिवशी तिला शब्दच सुचेना. बाहेर बर्फ पडत होता, हातमोजे ओले होते. तिने एक ओढून काढला आणि भिरकावला. ओली लोकर त्याच्या गालावर थाडकन बसली.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. प्लासीदने तो हातमोजा उचलून कोटाच्या खिशात ठेवला आणि पाय ओढत मधल्या वाटेने बाहेर गेला. लोकांच्या ओरडण्याने त्याला काही झालं नसतं. हसण्याने झालं.

त्यानंतर शनिवारी त्या बाकावर कोणी बसलं नाही. प्लासीद रविवारी सकाळच्या पहिल्या मिस्साला, अंधारात जाऊन येऊ लागला. दुकानात तो शिरला की बोलणं थांबायचं. जानेवारीत झेलीच्या मुलीला, लोरेतला कळा सुरू झाल्या, त्या नेमक्या सुएतच्या दिवशी. हा वारा डोंगरावरून खाली कोसळतो तेव्हा आम्ही कोंबड्यासुद्धा घरात घेतो. अँब्युलन्स निघाली, डोंगराच्या वळणावर आडवी होता होता राहिली, आणि लोरेत तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडीत बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. पण प्लासीदला ही बातमी कळली तेव्हा तो जेवणाच्या ताटावरून उठला, असं ओझीतने मला सांगितलं.

आमच्या दोघींची परसं लागून. मार्चमध्ये एक दिवस ती दोरीवरचे कपडे काढत होती आणि मी बघतेय, तर एकच चादर तिने घडी केली, मोडली, पुन्हा घडी केली.

"काय झालं गं?"

"घर विकायचं म्हणतोय," ओझीत म्हणाली. "येत्या रविवारी पक्षाची माणसं येणारेत सभागृहात. त्यांना सांगणार, दुसरा उमेदवार बघा. मग आम्ही हॅलिफॅक्सला, मुलाकडे."

"कायमचे?"

"म्हणतो, ज्या गावाला माझं तोंड बघवत नाही, तिथे मरायला कशाला थांबू?"

"आणि तुझं काय?"

ती घडी छातीशी धरून उभी राहिली. "तिथे शेजारीण मला मिसेस लाराद म्हणते, लूस. चांगली आहे बिचारी. पण मी मागे वळून बघते, कोणाला हाक मारली म्हणून."

मी म्हटलं, लोकांशी एकदा बोलून तर बघू दे त्याला. ती म्हणाली, "कोण बोलणार त्याच्याशी? आणि त्याला आता बोलायचंही नाही. नुसता बसून असतो."

त्याच आठवड्यात मी-कारेम आलं. उपासाच्या चाळीस दिवसांच्या मधोमध येणारा हा आमचा सण. उपासाला तेवढीच सुट्टी. माणसं जुनेपाने कपडे चढवतात, तोंड झाकतात, हातसुद्धा झाकतात कारण हातावरून लगेच ओळख पटते, आणि घरोघर जातात. बोलायचं असलंच तर श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज कळत नाही. घरातल्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की मुखवटा वर करावा लागतो. नाव चुकलं की नुसती मान हलवायची आणि ओळख न देता निघून जायचं. मुखवट्याला हात लावायचा नाही, एवढा एक नियम सगळे पाळतात. आमच्याकडे सिमों फिडल वाजवायचा, म्हणून मुखवटे आमच्या घरी यायचेच.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आमचं स्वयंपाकघर भरलं होतं. मेदेरिक होता, झेली होती, मांडीवर बाळ घेऊन लोरेत होती, आणि आणखी शेजारपाजारची माणसं. चारपाच मुखवटे येऊन, ओळखले जाऊन, वड्या खाऊन गेले होते. इतक्यात दार ढकलून एकटाच एक आला. अंगात जुना कोळ्याचा कोट, पोटावर उशी बांधलेली, डोक्यावरून उशीचा अभ्रा आणि त्याला डोळ्यांपुरती भोकं, हातात जाड मोजे, पायात मोठे काळे गमबूट.

"हा कुठला पिंप आला?" मेदेरिक म्हणाला. "बाई की बुवा?"

मुखवट्याने पोटावरच्या उशीवरून हात फिरवला.

"फादर तर नाहीत?" झेली म्हणाली. "पोट तेवढंच आहे."

सगळे हसले. सिमोंने फिडल खांद्याला लावलं आणि म्हणाला, "नाच बघू. नाचताना कोण ते कळतंच."

मुखवटा खोलीच्या मधोमध आला. चार पावलं. आणि डावा पाय जमिनीवरून फरपटत आला.

सिमोंचा गज तिथेच थांबला. खोलीतलं हसू कुठल्या कुठे गेलं. मेदेरिकने हळूच म्हटलं, "प्लासीद."

मुखवट्याने मान हलवली. नाही.

"प्लासीदच आहेस."

मुखवट्याने आणखी जोरात मान हलवली. नाही, नाही.

"आमदार आहे तो," झेली म्हणाली. "आहे त्यालाही नाहीच म्हणणार."

यावर कोणी हसावं की नाही हेच कोणाला कळेना. मी चुलीपाशी उभी होते आणि मनात म्हटलं, आता हा वळेल, पाय ओढत निघून जाईल, आणि मग संपलंच. पण मेदेरिकने आपली खुर्ची पुढे सरकवली.

"थांबा, थांबा. नियम म्हणजे नियम. तो नाही म्हणतोय ना? मग हा प्लासीद नाही. बस रे बाबा, तू जो कोण असशील तो." मुखवटा बसला. मेदेरिकने आमच्या सगळ्यांकडे बघितलं. "आणि हा जर प्लासीद नाही, तर मग प्लासीदबद्दल बोलायला काय हरकत आहे? तो थोडाच इथे आहे?"

"मी तर बोलणारच आहे," झेली म्हणाली. ती उठून मुखवट्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "तू असशील कोणीही. मला काय करायचंय? पण ऐक. त्या दिवशी गाडीत मी होते. वारा असा, की ड्रायव्हर पोरगा देवाचं नाव घेत होता आणि शिव्याही देत होता, एका दमात. माझ्या मुलीचा हात माझ्या हातात. आणि मी मनात प्लासीदला जे जे म्हणाले, ते फादरला कबुलीजबाबातसुद्धा सांगितलं नाही. कळलं?"

मुखवट्याची मान खाली गेली.

"हां. आता दुसरं ऐक," झेली म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "तो हातमोजा मी फेकला. पण फेकला त्या मंत्र्यावर. मंत्री समोर नव्हता, तर मी काय करू? समोर होता आपला माणूस. दुसऱ्या दिवशी गेले होते मी त्याच्याकडे. हो, गेले होते! मागच्या दारापर्यंत. खिडकीतून बघते तर हा पाठ करून बसलेला. म्हटलं, याला आता माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. परत आले."

"अगं, तूपण?" शेजारची एक बाई म्हणाली. "आम्हीही गेलो होतो. दिवा लागला नव्हता, म्हणून वाटलं, मुद्दाम अंधार करून बसलेत, लोकांनी येऊ नये म्हणून."

"मी तर ओरडलो होतो, विकलंस म्हणून," मेदेरिक म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि त्यानंतर माझ्या छातीत कळ आली ती आठवते? डॉक्टर इथे नसता, स्कॉट लोकांच्या गावी न्यायला लागलं असतं, तर आत्ता मी तुमच्याकडे वरून बघत असतो."

"वरून नाही, खालून," झेली म्हणाली.

यावर मात्र सगळे हसले. मुखवट्याचं पोटही हललं, उशीसकट.

"तो डॉक्टर कोणी ठेवला?" मेदेरिक म्हणाला. "हे मी इस्पितळात छताकडे बघत पडलो होतो तेव्हा कळलं मला. आणि कळल्यावर आणखीनच लाज वाटायला लागली. आता वाटतं, भेटेल तेव्हा सांगू. पण तो भेटतो कुठे? चोरासारखा पहिल्या मिस्साला जातो."

"एका गोष्टीचं मात्र मी त्याला सोडणार नाही," झेली म्हणाली. "त्याने विचारायला हवं होतं. हॅलिफॅक्सला वेळ नव्हता म्हणतो. मान्य. पण नंतर? आम्हा बायकांना विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, बाबा, विभाग नेला तर नेऊ दे. रोज काही बाळंतपणं होत नाहीत. पण सुएत सुटतो त्या दिवसापुरती एक खाट आणि एक नर्स इथे ठेव. वाऱ्यात गाडी बाहेर काढू नका म्हणावं. एक खाट रे! एवढी जड आहे का एक खाट?"

मुखवट्याने हळूहळू मान हलवली. या वेळी, जड नाही, अशी. मग झेलीच्या हातावर आपला मोज्यातला हात ठेवला. मुखवट्याला हात लावायचा नसतो. मुखवट्याने लावू नये असं कोणी सांगितलेलं नाही. झेलीने नाक पुसलं.

लोरेतसाठी मी दूध तापत ठेवलं होतं आणि या सगळ्यात मी ते साफ विसरले. ते वर आलं. मी वळायच्या आत मुखवटा खुर्चीवरून उठला, मोज्यातल्या हाताने पातेलं धरून खाली घेतलं, पळी आडवी ठेवली, आणि चुलीवर सांडलेले चार थेंब त्याच हाताने पुसून टाकले. सगळं क्षणात. मग भानावर आल्यासारखा तो परत जाऊन बसला, पाय ओढत.

प्लासीद लाराद आयुष्यभर चुलीकडे पाठ करून बसला होता. दूध उतू गेलं तर ते जळल्याच्या वासानेच त्याला कळलं असतं.

मी त्या गमबुटांकडे बघितलं. ते प्लासीदचेच होते. पण आतला पाय बायकी, लहान होता, म्हणून बूट ओढावा लागत होता. एक जास्तच ओढावा लागत होता, कारण प्लासीदने त्या बुटात आपल्या पायाच्या बेताने लाकडाची फळी घालून घेतली होती. तिला नवऱ्याचं सोंग आणायचं नव्हतं. तिच्या घरात दुसरे मोठे बूटच नव्हते.

ओठांवर नाव आलं होतं. नाव बरोबर असतं तर तिला मुखवटा वर करावा लागला असता, आणि झेलीने मनातलं सगळं भलत्याच कानात ओतलं असं झालं असतं. मी दूध कपात ओतलं आणि लोरेतला दिलं. सिमोंने माझ्याकडे बघितलं. मी पातेलं धुवायला घेतलं.

मुखवटा निघाला तेव्हा मेदेरिक दारापर्यंत गेला. "तू जो कोण असशील तो," तो म्हणाला, "वाटेत प्लासीद भेटला तर विचार, शनिवारी यायचं का?"

मुखवट्याने मान डोलावली आणि बर्फातून निघून गेला.

त्या दिवशी रोजनिशीत मी वाऱ्याची दिशा लिहिली आणि वड्या चांगल्या झाल्याचं लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही. झेली आता नाही, मेदेरिक नाही, प्लासीद नाही. ओझीतने डोळे मिटायच्या आधी मला सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर सांग, तोवर नको. म्हणून आता सांगते आहे.

शनिवारी झेलीने काकवीचा केक केला आणि मला म्हणाली, "चल." एकटीने जायचं धाडस तिला होत नव्हतं, हे ती कबूल करणार नव्हती. आम्ही मागच्या दाराने गेलो. प्लासीद टेबलाशी रिकाम्या हाताने बसला होता. आम्हाला बघून तो उठलाच.

"काय झालं? कोणाचं काय झालं?"

"काही झालं नाही," झेली म्हणाली आणि केक टेबलावर आदळला. "मला जे बोलायचं होतं ते मी परवा बोलले. तू ऐकलंस. आता पुन्हा बोलायला लावू नकोस. माझा हातमोजा दे."

"परवा? परवा मी कुठे..."

"परवा खूप ऐकून घेतलं त्याने," चुलीकडून आवाज आला. ओझीत आमच्याकडे तोंड करून उभी होती. तिला त्या स्वयंपाकघरात अशी उभी मी पहिल्यांदाच पाहिली. "दमला होता. म्हणून जरा विसरल्यासारखं करतोय. हातमोजा धुऊन ठेवलाय, झेली. देते."

प्लासीदने ओझीतकडे बघितलं. मग झेलीकडे. मग दाराशी वाळत ठेवलेल्या आपल्या गमबुटांकडे. काही झालं तरी तो आमदार होता. काही कळलं नाही तरी बसून राहायचं कसं, हे त्याला माहीत होतं. तो खाली बसला.

"हो," तो म्हणाला. "ऐकलं."

"त्या खाटेचं काय ठरवलंस ते सांग ना तिला," ओझीत म्हणाली.

"कुठली खाट?"

"वाऱ्याची."

झेलीने कपाळाला हात लावला. "आमदारांना सगळं दोनदा सांगावं लागतं!" आणि मग ती समोर बसली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं. अँब्युलन्स, वारा, एक खाट, एक नर्स, आणि तू विचारायला हवं होतंस. प्लासीदने एकदाही मधे तोंड घातलं नाही. हातात बटाटाही नव्हता. झेलीचं संपलं तेव्हा तो म्हणाला, "विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"तेच परवापासून म्हणतेय मी," झेली म्हणाली.

तेवढ्यात मागे दार वाजलं. मेदेरिक आत आला, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि बाकावर बसला. "मला काही काम नाही," तो म्हणाला. "मी नुसता आलोय." त्याच्या मागून आणखी दोघं आले.

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा प्लासीद माझ्याबरोबर कुंपणापर्यंत आला. मग म्हणाला, "लूस, मी परवा तुझ्याकडे काय काय बोललो?"

"एक शब्द बोलला नाहीस," मी म्हटलं. "म्हणूनच सगळं नीट झालं."

रविवारी सभागृहात पक्षाची माणसं आली. मोठ्या मिस्सानंतर, भर उजेडात. प्लासीद उभा राहिला. पहिल्या रांगेत ओझीत बसली होती, आणि तिचे हात मांडीवर इतके घट्ट धरलेले होते की बोटं पांढरी पडली होती. शनिवारची माणसं आली म्हणजे घर राहिलं असं नव्हतं. त्याने काय ठरवलंय ते त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

"मी दुसरा उमेदवार बघा म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण एक खाट मागायची राहिली आहे. ती मिळेपर्यंत तरी मला ठेवा. नंतर काढून टाका."

ओझीतने हात सोडले. लोक टाळ्या वाजवत होते, ती वाजवत नव्हती. ती नुसती बसून श्वास घेत होती, लांबच्या चढावरून घरी पोचलेल्या माणसासारखी.

त्या निवडणुकीत त्याला आजवरची सगळ्यात कमी मतं पडली, पण निवडून आला. बाळंतपणाचा विभाग सोडल्याबद्दल डोंगराच्या त्या बाजूच्या लोकांनी त्याला माफ केलं नव्हतं. ते त्याने मनावर घेतलं नाही. "तिकडे सुएत लागत नाही," तो म्हणायचा, "त्यांना कसं कळणार?" खाटेसाठी त्याला हॅलिफॅक्सच्या किती फेऱ्या माराव्या लागल्या, ते तोच जाणे. मंत्री म्हणाले, वाऱ्यासाठी खाट असा काही प्रकार कुठेच नाही. प्लासीद म्हणाला, एकदा वारा सुटला असताना आमच्याकडे या. मंत्री आले नाहीत; खाट आली. एक नर्सही आली, केप ब्रेटनचीच, वाऱ्याला सरावलेली.

पुढे तो आणखी दोन वेळा निवडून आला, मग आपणहून थांबला, आणि त्याच घरात म्हातारा झाला. ओझीतला गावात कोणी मिसेस लाराद म्हटलं नाही. त्या दिवसाबद्दल ती आणि मी फक्त एकदाच बोललो, कपडे वाळत घालताना. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "दूध उतू चाललं होतं गं. बघवेना." मी म्हटलं, "मला माहितेय." आणि आम्ही चादरीचे दोन कोपरे धरले.

वाऱ्याच्या खाटेवर जन्मलेलं पहिलं मूल माझा नातू. माझी धाकटी सून, दुपारपासून कळा, आणि बाहेर सुएत असा की इस्पितळाच्या खिडक्यांना सिस्टरांनी आतून गाद्या लावल्या होत्या. मी बाहेरच्या बाकावर. वाऱ्यातून चालत, भिंती धरत धरत प्लासीद आणि मेदेरिक आले. कशाला आलात, असं मी विचारलं तर मेदेरिक म्हणाला, "हा म्हणतो खाट नीट आहे का बघून येऊ." प्लासीदचा चेहरा भिंतीसारखा पांढरा होता. दर वेळी वारा छपराला धडकला की तो डोळे मिटायचा.

आतून रडण्याचा आवाज आला. मग नर्स दार किलकिलं करून म्हणाली, मुलगा, दोघंही ठीक. मी रडले. प्लासीद बाकावर बसला, म्हणजे जवळजवळ पडलाच, आणि वाकत नसलेला पाय समोर सरळ पसरून त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"चला," तो म्हणाला, "गावात एक मत वाढलं."

"ते तुला पडेल असं धरून चालू नकोस," मेदेरिक म्हणाला.

प्लासीद इतका हसला की सिस्टर धावत बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांनाही, आमदारासकट, दटावून गप्प बसवलं.